मामा चालतो, मामेभाऊ चालत नाही

बेळगावात सकाळचा पेपर उघडला की आतल्या पानावर, स्थळांच्या आणि जागांच्या जाहिरातींशेजारी, बोटभर उंचीची एक बातमी अधूनमधून दिसते. ‘अनोळखी पुरुषाचा मृतदेह. वय अंदाजे 45 ते 50, उंची 5 फूट 5 इंच, रंग सावळा, अंगात आकाशी शर्ट, उजव्या हातावर गोंदण.’ सोबत काळपट फोटो. तो बघवत नाही म्हणून आपण पान उलटतो. या चार ओळींतलं काय कितपत भरवशाचं असतं?

सगळ्यात कच्चा पुरावा म्हणजे तो फोटो. पाण्यातला मृतदेह आधी तळाशी जातो. मग आतड्यातले जिवाणू वायू तयार करतात आणि तो वर येतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे साधारण एका दिवसात होतं. तोवर चेहरा सुजून काळवंडलेला असतो, ओठ-पापण्या फुगलेल्या असतात. अशा चेहऱ्यावरून सख्खा भाऊही चुकतो, आणि दोन्ही बाजूंनी चुकतो. आपला माणूस असून ‘हा नव्हे’ म्हणतो, नाहीतर महिनाभर शोधून थकलेला असतो म्हणून दुसऱ्याच्याच मृतदेहाला ‘हाच’ म्हणून बसतो.

गोंदण मात्र टिकतं. त्याची शाई कातडीच्या आतल्या थरात बसलेली असते. पाण्यात वरचा पापुद्रा सुटून गेला की हातावरचं नाव कधीकधी आधीपेक्षा ठळक दिसतं. तो सुटलेला पापुद्राही कामाचा असतो. हातमोज्यासारखा निघालेला तो तुकडा तज्ज्ञ आपल्या मोजा घातलेल्या बोटावर चढवतात आणि त्यावरून ठसा घेतात. आता हे ठसे ‘आधार’शी ताडून बघता येतील, असं कुणालाही वाटेल. पण आधार कायद्याच्या 29 व्या कलमानं बोटांचे ठसे आणि बुबुळांची नोंद आधारच्या कामाबाहेर कुणालाही देता येत नाही. पोलिसांकडे ठशांचा स्वतःचा देशव्यापी साठा आहे, पण त्यात प्रामुख्यानं गुन्ह्यांत सापडलेली माणसं. साधासुधा, कधी चौकीची पायरी न चढलेला माणूस त्यात सापडायचा नाही.

मग उरतो शर्ट. कॉलरच्या आत टेलरचं लेबल असतं ना, नाव आणि गाव लिहिलेलं, त्याची किंमत इथं कळते. रेडिमेड कपडे आले आणि हा धागा बारीक होत चालला.

सीमाभागात यात आणखी एक गुंता आहे. आपल्या नद्या पश्चिमेकडून पूर्वेला, म्हणजे महाराष्ट्रातून कर्नाटकात वाहतात. हिरण्यकेशी आजरा-गडहिंग्लज करत संकेश्वरला येते. दूधगंगा आणि वेदगंगा कोल्हापूर जिल्ह्यातून निपाणी-चिकोडीच्या भागात उतरतात, कृष्णा नरसोबावाडीवरून खाली अंकलीकडे येते. समजा, गडहिंग्लजजवळ कुणी वाहून गेलं. घरच्यांनी तिथल्या ठाण्यात मराठीत ‘मिसिंग’ दिली. मृतदेह लागला संकेश्वरच्या बाजूला, तिथं कानडीत ‘यूडीआर’ झाला, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूची नोंद. महाराष्ट्रात ह्याच नोंदीला ‘अकस्मात मृत्यू’ म्हणतात. कायदा दोन्हीकडे एकच, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 174, आणि 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं 194. पण कागद दोन, भाषा दोन, राज्यं दोन. मृतदेह साधारण तीन दिवस शवागारात वाट बघतो, मग पुरला जातो. पुरलेला असेल तर मॅजिस्ट्रेटच्या हुकमानं पुन्हा काढता तरी येतो. दहन झालं की तो रस्ता बहुतेक बंदच, कारण त्या आचेत हाडातला डीएनए टिकत नाही. म्हणून सीमाभागातल्या माणसानं आपल्या ठाण्यात तक्रार देऊन थांबू नये. नदी जिकडे वाहते तिकडच्या ठाण्यांत फोटो घेऊन स्वतः जावं. आणि तक्रार द्यायला 24 तास थांबायला लागतं ही निव्वळ ऐकीव गोष्ट आहे, कायद्यात तसं काही नाही.

जंगलात, खानापूरच्या रानात किंवा घाटात मिळतात ती नुसती हाडं. पहिला प्रश्न, माणसाची की जनावराची? मग कटीच्या हाडाचा कोन बघून बाई की पुरुष. मग वय. गळ्याजवळच्या हाडाचं छातीकडचं टोक सगळ्यात शेवटी मूळ हाडाशी जुळतं, साधारण तिशीच्या आत-बाहेर. ते जुळलेलं नसेल तर माणूस तरुण. उंची मांडीच्या हाडावरून काढतात. ट्रॉटर आणि ग्लेसर यांचं 1952 सालचं सूत्र आहे. हाडाची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्यायची, 2.38 नं गुणायची, त्यात 61.41 मिळवायचे. 45 सेंटिमीटरचं हाड असेल तर उंची येते साधारण 168.5, वर-खाली तीन-साडेतीन सेंटिमीटर. पण ते सूत्र गोऱ्या अमेरिकन पुरुषांच्या सांगाड्यांवरून बसवलेलं. पायांचं आणि धडाचं प्रमाण प्रत्येक समाजात वेगळं, त्यामुळं इथं ते जसंच्या तसं लावलं तर उत्तर सरकतं. आणि घरी तरी कुणाची उंची कोण मोजून ठेवतं? विचारलं तर उत्तर येतं, ‘देवघराच्या चौकटीला डोकं लागायचं त्याचं.’ मला विचाराल तर हे उत्तर चांगलं आहे. चौकट मोजता येते.

या सगळ्यानं नावं गळत जातात. हा तो नव्हे, हाही नव्हे. ‘हाच’ असं म्हणायला बहुतेकदा डीएनए लागतो.

मांडीच्या हाडाचा टणक तुकडा किंवा दाढ घेतात, वरचा थर खरवडून टाकतात, उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून त्याचं पीठ करतात. त्यातून निघालेल्या डीएनएमध्ये वीसेक ठरावीक जागा बघतात, जिथं अक्षरांचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. किती वेळा येतो ते माणसामाणसांत बदलतं. समजा एका जागी आईकडे तो तुकडा एका प्रतीत 12 वेळा आणि दुसरीत 15 वेळा आहे. मग मुलाकडे त्या जागी 12 किंवा 15 असायलाच हवा. वीसच्या वीस जागी असंच जुळलं तर योगायोगाला जवळजवळ जागा उरत नाही. एखाद्या जागी क्वचित बदल होतो, म्हणून एका जागी चुकलं की लगेच ‘नाही’ म्हणत नाहीत. आई-बाप किंवा मुलं असतील तर हे गणित सरळ सुटतं. बायको-नवरा एकटे काही उपयोगाचे नाहीत, मुलांबरोबर मात्र आहेत.

आई-बाप नसतील, हाडंही जुनी असतील, तर दुसरा डीएनए कामी येतो. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रिया या भागातला, 16,569 अक्षरांचा. पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात, म्हणून झिजलेल्या हाडातही तो सापडतो. तो येतो फक्त आईकडून. रशियाच्या झारच्या कुटुंबाची हाडं 1991 मध्ये काढली, तेव्हा राणीची ओळख पटवायला इंग्लंडच्या प्रिन्स फिलिपचं रक्त घेतलं. तो झारच्या राणीच्या बहिणीच्या लेकीचा लेक.

इथं इंग्रजी तोकडी पडते आणि मराठी बरोबर बसते. ‘अंकल’ म्हणजे काका की मामा? बेपत्ता माणसाशी ताडायला मामा चालतो, कारण मामाची आणि त्या माणसाच्या आईची आई एकच. मामेभाऊ चालत नाही, त्याचा मायटोकाँड्रिया मामीचा. मावशी चालते, मावसभाऊ-मावसबहीणही चालतात. आत्या नाही. पुरुषाची हाडं असतील तर बापाकडून मुलाला जाणारं वाय गुणसूत्र बघतात. तिथं काका आणि चुलतभाऊ चालतात. आतेभाऊ आणि मामेभाऊ दोन्हीकडून बाहेर. गंमत बघा, आपल्याकडे रीतीनं लग्न चालतं ते नेमकं याच दोन बाजूंना.

पण रीतीमुळं नियम उलटाही होतो. या भागात, विशेषतः कानडी घरांत, मामा-भाचीचं लग्न होतं. भाचीचा मायटोकाँड्रिया तिच्या आईचा, म्हणजे मामाच्या बहिणीचा, म्हणजे मामाचाच. तेव्हा त्यांच्या मुलांचा मायटोकाँड्रिया बापाशीही जुळतो, जे एरवी होत नाही. शिवाय नात्यात लग्न असलं की नातेवाइकांत सामाईक डीएनए जास्त निघतो आणि लांबचा माणूस जवळचा भासतो. नमुना देताना हे सांगितलं नाही तर प्रयोगशाळेचं गणित चुकीच्या पायावर उभं राहतं. यात लाजण्यासारखं काही नाही.

बेपत्ता माणसांच्या घरच्यांचे नमुने आधीच घेऊन ठेवणारी, कायद्यानं उभी केलेली राष्ट्रीय डीएनए बँक आपल्याकडे नाही. त्यासाठीचं विधेयक 2019 मध्ये लोकसभेत आलं आणि जुलै 2023 मध्ये सरकारनं मागे घेतलं. खाजगीपणाच्या शंका रास्त होत्या. पण त्यामुळं आज कुठलातरी मृतदेह आधी ‘बहुतेक तुमचा’ वाटावा लागतो, मग गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरतो. तो बोळा वाळवून कागदी पाकिटात घालतात. प्लास्टिकमध्ये ओल राहते आणि जिवाणू डीएनए खाऊन टाकतात.

तोवर वर्षं जातात. आई असेल तर आईच उत्तम. ती गेली तर मावशी, मावशी नसेल तर तिची मुलं. मावशीही नसेल तर मामा आहे, पण तोही आता म्हातारा झालेला असतो.