रक्तगटाची आनुवंशिकता

अपत्याचा रक्तगट आई-वडिलांकडून आलेल्या जनुकांवरून ठरतो. तपासणीच्या कागदावर गटाचे एकच नाव असते, पण त्यामागे जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईची, एक वडिलांची. कागदावर न दिसलेली प्रत पुढच्या पिढीत डोके वर काढते आणि ‘याचा गट असा कसा?’ हा प्रश्न बहुधा तिथूनच निघतो.

एबीओ गटांचे जनुक नवव्या गुणसूत्रावर असते. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर ‘एच’ नावाची शर्करासाखळी असते. ‘ए’ जनुकाचे एन्झाइम तिच्या टोकाला एक शर्करा जोडते, ‘बी’चे एन्झाइम दुसरी. ‘ओ’चे एन्झाइम निकामी, त्यामुळे साखळी तशीच राहते. म्हणूनच ‘ए’ किंवा ‘बी’च्या जोडीला आलेला ‘ओ’ झाकला जातो. ‘ए’ आणि ‘बी’ एकत्र आले तर दोन्ही दिसतात.

आई-वडील दोघेही ‘ए’ गटाचे आणि दोघांकडेही एकेक ‘ओ’ लपलेला असेल, तर दर खेपेला मूल ‘ओ’ गटाचे होण्याची शक्यता चारात एक. एक ‘ए’, दुसरा ‘बी’ आणि ‘ओ’ दोघांकडे असेल, तर चारही गट संभवतात. ‘एबी’ आणि ‘ओ’ ही जोडी गमतीची: मूल ‘ए’ नाहीतर ‘बी’, म्हणजे आईवरही नाही, बापावरही नाही. रक्तगट वंशपरंपरेने येतात हे १९१० मध्येच दिसले होते, पण एकाच जनुकाची ही तीन रूपे आहेत हे १९२४ मध्ये मांडले ते गणितज्ञ फेलिक्स बर्नस्टाइन यांनी.

गटापुढे पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हे ठरवणाऱ्या आरएच घटकाचे जनुक वेगळे, पहिल्या गुणसूत्रावर. त्यात पॉझिटिव्ह प्रभावी, म्हणजे निगेटिव्हला झाकणारे, असल्याने दोन पॉझिटिव्ह पालकांना निगेटिव्ह मूल होऊ शकते.

या सगळ्या हिशेबाला चकवा देतो तो बॉम्बे रक्तगट. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईतून त्याची नोंद केली. ‘एच’ घडवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्या, की ‘ए’ किंवा ‘बी’ची शर्करा जोडायला जागाच उरत नाही. नेहमीच्या तपासणीत असा माणूस ‘ओ’ ठरतो, पण त्याच्याकडचा ‘बी’ मुलाला मिळू शकतो. मग ‘ओ’ समजल्या गेलेल्या आईच्या पोटी ‘एबी’ मूल येते. तिचा गट खरा ‘ओ’ नाही हे रक्त जुळवून पाहताना कळते: ‘ओ’ गटाचे रक्तही तिला चालत नाही.