डोळ्यांतून सारखे पाणी येते? डोळे कोरडे असू शकतात
(चष्मा आणि लेन्स वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या दुकानात नंबर तपासायला येणारे बरेच जण सांगतात, "सकाळी झक्कास दिसतंय, संध्याकाळी अक्षरं धुरकट होत्यात. पापण्या मिटल्या की परत स्वच्छ." असे ऐकले की आम्ही लगेच नवी काच सुचवत नाही. पापणी मिटल्यावर दिसणे सुधारत असेल, तर आधी अश्रूंची तपासणी हवी. कोरड्या डोळ्यांवर काढलेला नंबर चुकू शकतो आणि त्या चष्म्याचे पैसे वाया जातात.

बुबुळावर अश्रूंचा अगदी पातळ थर असतो. त्यातले पाणी बुबुळाला धरून राहावे म्हणून खाली चिकट द्रव असतो, आणि ते उडून जाऊ नये म्हणून वर तेलाचा तवंग. हे तेल पापण्यांच्या कडांमधल्या बारीक ग्रंथींतून येते. त्या तुंबल्या की पाणी पुरेसे असूनही टिकत नाही, आणि कोरडेपणाच्या तक्रारींत हेच कारण जास्त आढळते. उघडे पडलेले बुबुळ चुरचुरते, वाळू गेल्यासारखे खुपते, मग डोळा एकदम भरपूर पाणी सोडतो. ते गालावर ओघळते, पण बुबुळावर थांबत नाही. म्हणून वाहणारा डोळाही कोरडा असू शकतो.

पापणी मिनिटाला साधारण 15 ते 20 वेळा लवते. मोबाईल किंवा संगणकासमोर हे प्रमाण निम्म्याच्याही खाली जाऊ शकते, आणि बऱ्याचदा पापणी पुरती मिटतही नाही. गुजरीतले सोनार, हुपरीचे चांदी कारागीर, शिलाई करणाऱ्या ताई यांचेही तेच होते. नजर कामावर खिळलेली असते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत उष्णता व धूळ, गुऱ्हाळाच्या चुलवाणासमोर धूर, गाडीवर तोंडावर येणारा वारा. दिवाळीनंतर हवा कोरडी होते आणि तेव्हाच गुऱ्हाळांचाही हंगाम असतो, त्यामुळे त्या दिवसांत जास्त जपा. वाढते वय, पाळी जाण्याचा काळ, मधुमेह, थायरॉइड, संधिवात, ॲलर्जीच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्या, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांमुळेही त्रास वाढतो. मात्र चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

घरी सगळ्यात उपयोगी पडतो तो शेक, आणि कंटाळून सोडला जातो तोही शेकच. स्वच्छ फडके सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळून मिटलेल्या पापण्यांवर 5 ते 10 मिनिटे ठेवा. फडके लगेच निवते, म्हणून पुन्हा पुन्हा गरम करा. नंतर बोटाने हलकेच चोळा: वरची पापणी खाली, खालची वर, म्हणजे केसांच्या दिशेने. रोज करा, फरक पडायला काही आठवडे लागतात. काजळ पापणीच्या आतल्या कडेला लावू नका, तिथेच त्या ग्रंथींची तोंडे असतात.

काम करताना दर 20 मिनिटांनी 20 सेकंद लांब पाहा आणि पापण्या पूर्ण मिटून उघडा. स्क्रीन नजरेच्या थोडी खाली असावी, पंखा किंवा एसी थेट तोंडावर नको. गाडीवर काचेचे हेल्मेट किंवा बाजूने झाकणारा गॉगल वापरा.

थेंबांबद्दल आमचे कळकळीचे सांगणे आहे. शेजाऱ्याला गुण आला म्हणून तीच बाटली मेडिकलमधून आणू नका. डेक्सामिथाझोन किंवा प्रेडनिसोलोन असलेले थेंब स्टेरॉइडचे असतात. डोळा लगेच शांत वाटतो, पण डॉक्टरांच्या देखरेखीविना ते चालू ठेवले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. कोरडेपणासाठी कृत्रिम अश्रू मिळतात. त्यांवर कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज किंवा सोडियम हायलुरोनेट असे लिहिलेले असते. दिवसात चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह (औषध टिकवणारे रसायन) नसलेले घ्या. बाटलीवर फोडल्याची तारीख लिहा आणि लेबलवरची मुदत संपली की टाकून द्या; बहुतेक बाटल्यांची ती महिनाभर असते. मध, एरंडेल, गुलाबपाणी डोळ्यांत घालू नका.

माशाच्या तेलाच्या गोळ्या आम्ही सुचवत नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात त्यांचा फायदा ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा जास्त दिसला नाही.

डोळा खूप दुखत असेल, लाल झाला असेल, उजेड सोसत नसेल, नजर कमी झाली असेल किंवा ग्राइंडिंगची कणी गेली असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. लेन्स वापरणाऱ्यांनी अशा वेळी लेन्स आधी काढावी. तोंडही कोरडे पडून सांधे दुखत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. पापणीत कागदाची पट्टी ठेवून 5 मिनिटांत ती किती भिजते, हे ते पाहू शकतात. त्याने दुखत नाही. सीपीआर रुग्णालयातही नेत्र विभाग आहे. जाताना सध्या घालत असलेले सगळे थेंब आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या.