जुन्या मुष्टियुद्धांचे फेरगुणांकन

होऊन गेलेली मुष्टियुद्धाची लढत चित्रफितीवर पुन्हा पाहायची, प्रत्येक फेरी संपली की स्वतः गुण लिहायचे आणि शेवटी आपली बेरीज त्या रात्रीच्या जजांच्या बेरजेशी ताडून बघायची, असा हा छंद. बॉक्सिंगचे शौकीन जगभर तो जोपासतात. बोलताना त्याला ‘कार्ड लिहिणे’ म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातल्या मराठी माणसाचा जीव मुळात कुस्तीत गुंतलेला. बॉक्सिंग त्याला परकेच. तरीही ज्याची नजर तालमीत तयार झाली आहे, त्याला हा नाद एकदा लागला की सहजी सुटत नाही.

या भागात बॉक्सिंगची ओळख मुख्यतः फौजेमुळे. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर बेळगावातच आहे आणि आसपासच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या पोरे भरतीला जातात. फौजेत बॉक्सिंग हा मानाचा खेळ. 1966 आणि 1970 च्या आशियाई स्पर्धांत हेवीवेटचे सुवर्णपदक जिंकणारे हवा सिंग फौजीच होते. शेजारच्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकरही फौजेत बॉक्सिंग खेळत. 1965 च्या युद्धात ते गोळ्या लागून जायबंदी झाले आणि पुढे 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्ण मिळवले. निवृत्त होऊन गावी परतलेला जवान पेन्शनबरोबर हा शौकही घरी आणतो. मी कार्ड लिहायला शिकलो तो खानापूर तालुक्यातल्या अशाच एका सुभेदारमामांच्या सोप्यात बसून. त्यामुळे या नोंदीत त्यांची वही अधूनमधून डोकावेल.

कुस्तीच्या माणसाला पहिली अडचण येते ती निकालाची. मैदानात निकाली कुस्ती म्हणजे पाठ मातीला लागली, चितपट झाली, हलगी कडाडली, विषय संपला. वेळ संपेपर्यंत निकाल लागला नाही तर कुस्ती बरोबरीत सोडवतात. अलीकडे काही ठिकाणी गुणांवरही लावतात, पण त्या निकालाला टाळी जरा कमीच पडते. बॉक्सिंगमध्ये नॉकआउट, म्हणजे पडलेला दहा मोजेपर्यंत न उठणे, ही चितपट. ती झाली नाही तर तीन माणसे रिंगच्या तीन बाजूंना बसून फेरीमागून फेरी जो हिशेब मांडत असतात, त्यावर सगळे ठरते. हा हिशेब समजल्याखेरीज कार्ड लिहिता येत नाही.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये फेरी तीन मिनिटांची आणि मध्ये एक मिनिट विश्रांती. फेरी जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला 9. एकदा खाली पडला तर सहसा 8, दोनदा पडला तर 7. फेरी कुणाची हे चार गोष्टींवरून ठरते : स्वच्छ लागलेले ठोसे, परिणाम करणारी चढाई, रिंगवरचा ताबा आणि बचाव. यातली पहिली सर्वांत वजनदार. ‘परिणाम करणारी’ हा शब्द नवखे विसरतात. जो पुढे पुढे जातोय तोच जिंकतोय असे त्यांना वाटते. मामांच्या सोप्यात एकदा एका पोराने असाच पुढे घुसणाऱ्याला 10 दिला, तेव्हा मामा म्हणाले, “मार खायलाय त्यो, आणि मार्क बी त्यालाच?” मागे सरकत, समोरच्याला चुकवत, जॅबवर जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) लावणाऱ्याबद्दल त्यांचे ठरलेले वाक्य होते, “खेळवायलाय बघ त्याला.” कुस्तीत ‘खेळवणे’ म्हणजे काय हे इथे कुणाला सांगावे लागत नाही. रिंगवरचा ताबा म्हणजे नेमके तेच.

कार्ड लिहिण्याचे काही नियम कुणी घालून दिलेले नाहीत, पण मुरलेले शौकीन ते पाळतात. पहिला म्हणजे आवाज बंद. समालोचक एकाचे कौतुक लावून धरतो आणि आपल्याला त्याचेच ठोसे दिसायला लागतात. प्रेक्षकांच्या आरोळ्यांचेही तसेच, हवेत गेलेल्या ठोशालासुद्धा गर्दी ओरडते. दुसरा म्हणजे मागे नेऊन बघायचे नाही, सावकाशही करायचे नाही. जजांना त्या रात्री ते करता आले नव्हते, मग आपण का करायचे? तिसरा, विश्रांतीच्या मिनिटातच आकडा लिहायचा आणि पुढची फेरी बघून मागचा आकडा खोडायचा नाही. 10-10 द्यायचा मोह फार होतो. नियमात त्याला जागा आहे, पण ऊठसूट बरोबरी देणारा माणूस निवाड्यातून अंग काढून घेत असतो. मामांची वही शाळेची, दुरेघी. फूटपट्टीने आखलेले तीन रकाने : फेरी, लाल, निळा. वहीत खेळाडूची नावे सुरुवातीला नसत. बेरीज झाल्यावर वर नाव लिहायचे. नाव आधी लिहिले की हात त्याच्याकडे झुकतो, असे त्यांचे म्हणणे. शेजारचे कन्नड बोलणारे मास्तर बसायला येत, ते फेरीला ‘सुत्तु’ म्हणत. त्यामुळे आमच्या सोप्यात पहिल्या सुत्तुपासून बाराव्या राउंडपर्यंत सगळे चालायचे.

या छंदात सर्वाधिक वेळा लिहिल्या गेलेल्या कार्डांत मार्विन हॅगलर विरुद्ध शुगर रे लेनर्ड हे अग्रभागी असणार. तारीख 6 एप्रिल 1987, ठिकाण लास व्हेगासचे सीझर्स पॅलेस, वजनगट मिडलवेट, फेऱ्या बारा. लेनर्ड 1984 नंतर प्रथमच रिंगमध्ये उतरत होता आणि हॅगलर कित्येक वर्षे अजिंक्य होता. तीन जजांपैकी लू फिलिपो यांनी 115-113 हॅगलरला दिले, डेव्ह मोरेटी यांनी 115-113 लेनर्डला आणि जोजो ग्वेरा यांनी 118-110 लेनर्डला. आकडे फोडून बघितले तर पहिल्या दोघांच्या मते सात विरुद्ध पाच फेऱ्या, तिसऱ्याच्या मते दहा विरुद्ध दोन. एकाच रिंगभोवती बसलेल्या तीन माणसांत इतका फरक.

आवाज बंद करून बघताना काही गोष्टी ठळक होतात. हॅगलर मूळचा डावखुऱ्या पवित्र्याचा, पण सुरुवातीच्या फेऱ्या तो उजव्या पवित्र्यात लढला आणि त्या गमावून बसला. पाचव्या फेरीच्या शेवटी त्याचा अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, लेनर्डला चांगलाच बसतो. नवव्या फेरीत तो लेनर्डला कोपऱ्यात कोंडतो आणि लेनर्ड तिथून ठोशांचा पाऊस पाडून सुटतो. ही फेरी कुणाला द्यावी यावरून मित्रांमध्ये अबोला धरला गेल्याचे मी पाहिले आहे. लेनर्डची युक्ती अशी की फेरीचे शेवटचे अर्धे मिनिट उरले की झटक्यात ठोशांची माळ लावायची. जज लिहायला पेन उचलतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे हेच असते. माझ्या मते युक्ती म्हणून ती अस्सल होती, पण त्या ठोशांत जोर किती हे बघायला हवे, आणि ते बघितले की कार्ड हॅगलरकडे कलते. मामांच्या वहीत ही लढत तीन वेगवेगळ्या वर्षी लिहिलेली आहे : एकदा 115-113 लेनर्ड, एकदा 114-114, एकदा 115-113 हॅगलर. तिन्ही पाने त्यांनी तशीच ठेवली. हॅगलर त्या रात्रीनंतर पुन्हा लढला नाही.

दुसरी लढत कुस्तीवाल्याच्या काळजाला भिडते : हुलिओ सेसार चावेझ विरुद्ध मेल्ड्रिक टेलर, 17 मार्च 1990. अकरा फेऱ्यांअखेर दोन जजांच्या कार्डांवर टेलर 107-102 आणि 108-101 असा कितीतरी पुढे होता, तिसऱ्याच्या कार्डावर चावेझ 105-104 असा एका गुणाने. म्हणजे बारावी फेरी टेलरने नुसती उभे राहून काढली असती तरी विजेतेपदाचा पट्टा त्याचा होता. चावेझने त्याला खाली पाडले. तो उठला, पण रेफ्री रिचर्ड स्टील यांनी विचारले त्याला उत्तर आले नाही, आणि त्यांनी लढत थांबवली. घड्याळात दोन सेकंद उरले होते. कार्ड लिहिताना टेलरच्या बाजूला 10 पडत जातात आणि त्याचा चेहरा फेरीगणिक सुजत जातो. चावेझचे ठोसे कमी, पण जड. ही सूज रकान्यात कुठे लिहायची? दहा-नऊच्या पद्धतीत तिला जागा नाही. मामा म्हणाले होते, “गुणावर जिंकायलाय, पण कुस्ती हरायलाय.” स्टील यांनी थांबवली ते बरोबर केले, असे माझे मत आहे. दोन सेकंद उरले आहेत हे बघणे रेफ्रीचे काम नव्हे, समोरचा माणूस लढू शकतो का हे बघणे त्याचे काम.

जुन्या लढतींना आजचे माप लावताना सावध राहावे लागते. 8 मार्च 1971 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जो फ्रेझरने मुहम्मद अलीला हरवले ती लढत पंधरा फेऱ्यांची होती आणि तिथे गुण नव्हे, फेऱ्या मोजत. निकाल लागला 8-6-1 (एक फेरी बरोबरीत), 9-6 आणि 11-4, तिन्ही फ्रेझरकडे. पंधराव्या फेरीत फ्रेझरच्या डाव्या हूकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, अली पाठीवर कोसळला. आजच्या कार्डावर ती फेरी 10-8 होते, तेव्हा ती फक्त एक फेरी होती. त्याच महिन्यात, 16 मार्चला, लंडनमध्ये जो बगनरने हेन्री कूपरला हरवले ते पाव गुणाने, आणि निवाडा एकट्या रेफ्रीचा. पंधराच्या बारा फेऱ्या झाल्या त्यामागे नोव्हेंबर 1982 मध्ये रे मॅन्सिनीशी लढल्यानंतर झालेला कोरियन बॉक्सर डुक-कू किम याचा मृत्यू आहे. ती लढत चौदाव्या फेरीत थांबली होती. आमच्या सोप्यात ती कधी लावली गेली नाही.

भारतीय माणसाने एकदा तरी लिहावे असे कार्ड मेरी कोमचे आहे. टोकियो ऑलिम्पिक, 29 जुलै 2021, 51 किलो गट, समोर कोलंबियाची इंग्रिट व्हॅलेन्सिया. ऑलिम्पिकमध्ये तीन फेऱ्या आणि पाच जज. पहिली फेरी 4-1 व्हॅलेन्सियाची, म्हणजे चार जजांनी तिला दिली, एकाने मेरीला. दुसरी 3-2 मेरीची, तिसरीही 3-2 मेरीची. दोन फेऱ्या जिंकूनही मेरी 3-2 ने हरली. आपण हरलो हे रिंगमधून बाहेर पडल्यावरही आपल्याला कळले नव्हते, असे तिने नंतर सांगितले. बघणाऱ्यांनाही ते उमगले नाही. पण कागदावर पाच आडव्या आणि तीन उभ्या ओळींचे पंधरा चौकोन आखले की उलगडा होतो. त्यातले आठ व्हॅलेन्सियाचे भरतात, सात मेरीचे. फेरी कुणाची यावर निकाल लागतच नाही. प्रत्येक जजची स्वतःची बेरीज कुणाकडे जाते, ते मोजतात, आणि तीन जजांची बेरीज व्हॅलेन्सियाकडे गेली. पहिल्या फेरीतला तो 4-1 मेरीला नडला. अन्याय झाला का, हे ज्याने त्याने पहिली फेरी बघून ठरवावे. मी ती दोनदा लिहिली आणि दोन्ही वेळा थोडक्यात व्हॅलेन्सियाला दिली, मन मेरीकडे असताना.

ही सवय मग कुस्तीतही शिरते. जानेवारी 2023 मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत गादीवरची कुस्ती की मातीवरची या वादापलीकडे जाऊन सगळ्या महाराष्ट्राने आणि सीमाभागाने एकच चित्रफीत मोबाइलवर पुन्हा पुन्हा बघितली : महेंद्र गायकवाड विरुद्ध सिकंदर शेख. महेंद्रने लावलेल्या बाहेरच्या टांगेच्या डावाला चार गुण दिले गेले आणि त्यावरून रान पेटले. सिकंदर धोक्याच्या स्थितीत, म्हणजे पाठ जमिनीकडे वळलेल्या अवस्थेत, गेला असेल तर चार, गेला नसेल तर कमी, प्रश्न एवढाच होता. मामांच्या सोप्यातही ती लागली. बॉक्सिंगला कधी मागे न नेणारे मामा इथे मात्र बोटाने पडदा दाबून चित्र थांबवत होते, सिकंदरचा खांदा आणि माती यांच्यात उजेड दिसतो का ते बघत होते, आणि मास्तरांनी चष्मा पुसून मोबाइल त्यांच्या हातातून आपल्याकडे घेतला होता.