नॉर्वेजियन स्थलांतरितांचा माग: चर्चच्या वह्या आणि खानेसुमारीची पार्श्वभूमी

१८२५च्या जुलै महिन्यात नॉर्वेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील स्टाव्हांगर बंदरातून ‘रेस्टाउरास्यून’ नावाचे एक लहानसे गलबत ५२ माणसांना घेऊन निघाले. ९ ऑक्टोबरला ते न्यूयॉर्कला लागले तेव्हा त्यावर ५३ माणसे होती, कारण २ सप्टेंबरला भर समुद्रात लार्स लार्सन गेइलाने या पुढाऱ्याच्या पत्नीला मुलगी झाली होती. नॉर्वेतून अमेरिकेला झालेल्या संघटित स्थलांतराचा आरंभ याच सफरीपासून मानला जातो. गेइलाने हा नेपोलियनच्या काळातील युद्धात इंग्रजांच्या कैदेत असताना क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा झालेला होता, आणि त्याच्या सोबत्यांपैकी अनेकांचा ओढाही त्याच पंथाकडे होता. क्वेकर बाप्तिस्मा मानत नाहीत. त्या काळच्या नॉर्वेत तर जन्माची नोंद म्हणजे लूथरपंथी राजधर्माच्या चर्चमधील बाप्तिस्म्याचीच नोंद. ज्या वह्यांच्या भरवशावर आज हजारो अमेरिकी कुटुंबे आपले मूळ शोधतात, त्या वह्यांत या स्थलांतरातले पहिले बाळच सापडत नाही. हा अपवाद आधीच सांगून ठेवलेला बरा, कारण एरवी या वह्यांच्या तावडीतून सहसा कोणी सुटत नसे.

१८०१ साली नॉर्वेची सारी लोकसंख्या सुमारे ८ लाख ८३ हजार होती. १८२५नंतरच्या शंभर वर्षांत जवळपास तितकीच, म्हणजे सुमारे ८ लाख माणसे देश सोडून गेली, आणि त्यांतील बहुतेक अमेरिकेला गेली. डोंगराळ देशात कसण्याजोगी जमीन फार थोडी, लोकसंख्या मात्र झपाट्याने वाढणारी, आणि वाडी, म्हणजे शेतघर व त्याची जमीन, सहसा थोरल्या मुलाकडे जाणारी. धाकट्यांच्या वाट्याला मजुरी किंवा दुसऱ्याच्या जमिनीच्या कडेला झोपडी घालून, त्या बदल्यात मालकाच्या शेतावर राबणे एवढेच उरे. अशा माणसाला तिकडे ‘हूसमान’ म्हणत. १८६२च्या होमस्टेड कायद्याने अमेरिकेत १६० एकर जमीन जवळपास फुकट मिळू लागली, तेव्हा या हूसमानांच्या मुलांनी काय ठरवले असेल हे निराळे सांगायला नको.

अशा सामान्य माणसांच्याही नोंदी राहिल्या, याचे कारण धर्मसुधारणेनंतरच्या राज्यव्यवस्थेत आहे. डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने १५३७ मध्ये चर्च आपल्या ताब्यात घेतल्यावर पाद्री हा धर्मगुरूही झाला आणि राजाचा अंमलदारही. नॉर्वेतील उपलब्ध वह्यांपैकी सर्वांत जुनी १६२३ पासूनची आहे; मात्र अशी नोंदवही ठेवणे सर्वत्र सक्तीचे झाले ते १६८०च्या दशकात. पूर्वजांचा शोध घेणाऱ्या कोणा पणतूची सोय हा यामागचा हेतू अर्थातच नव्हता. प्रजाजन कोण, त्याचा बाप्तिस्मा झाला आहे का, तो लग्नाला मोकळा आहे का, सैन्यात घेता येईल का, हे राज्याला हवे होते. वह्यांत जे सापडते आणि जे सापडत नाही, त्या दोहोंचा उलगडा या हेतूवरून होतो.

अठराव्या शतकातले एखादे पान समोर घेतले तर पहिली अडचण तारखेची येते. पाद्री ‘१४ जून’ असे लिहीत नाही. तो लॅटिन आद्याक्षरांत ‘त्रिनिटीनंतरचा तिसरा रविवार’ असे लिहितो, आणि त्रिनिटी हा सण ज्यावरून ठरतो तो ईस्टर दरवर्षी सरकत असल्याने त्या वर्षाचे पंचांग मांडूनच दिवस काढावा लागतो. दुसरी अडचण अक्षराची. मजकूर डॅनिशमध्ये, लिपी गॉथिक वळणाची, घाईत जोडून लिहिलेली. मोडीचे दफ्तर हाताळलेल्याला हा अनुभव नवा वाटणार नाही: एका लेखकाचे वळण बसले की पाने भराभर वाचता येतात, आणि पाद्री बदलला की पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात करावी लागते. मजकूर त्रोटकच असतो. बापाचे नाव, वाडीचे नाव, बाळाचे नाव आणि बाप्तिस्म्याचे चार-पाच साक्षीदार. आईचे नाव कित्येक ठिकाणी गाळलेलेच. म्हणूनच साक्षीदारांची ओळ सोडून पुढे जाऊ नये. ते बहुधा मावशी, काका किंवा शेजारच्या वाडीवरचे सोयरे असतात, आणि न लिहिलेली आई अनेकदा त्यांच्या नावांवरून ओळखता येते.

१८१२ मध्ये छापील रकान्यांचे नमुने आले आणि वह्यांचे रूप पालटले. जन्मतारीख आणि बाप्तिस्म्याची तारीख वेगळी झाली, आईबापांची नावे, व्यवसाय आणि वाडी यांना जागा मिळाली. मूळ वही पाद्रीकडे राही, आणि तिची दुसरी प्रत चर्चचा सेवक, म्हणजे ‘क्लोकर’, आपल्याकडे ठेवू लागला. पाद्रीनिवासाला लागलेल्या आगीत कितीतरी जुन्या वह्या जळाल्या होत्या, त्यामुळे या दुसऱ्या प्रतीचे मोल मोठे आहे. याच नमुन्यांत पॅरिशमध्ये, म्हणजे एका पाद्रीच्या हद्दीत, आलेल्यांचे आणि पॅरिश सोडून गेलेल्यांचेही रकाने होते. निघणाऱ्याने पाद्रीकडून दाखला न्यायचा असे, आणि ‘कोठे’ या रकान्यात १८४० नंतर ‘अमेरिका’ हा शब्द वाढत्या संख्येने दिसू लागतो. दाखला न घेता गेलेलेही पुष्कळ होते. त्यामुळे या यादीत नाव नसले म्हणजे माणूस गेलाच नाही, असे समजू नये.

दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळची श्रद्धा मोठेपणी स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या, याद्यांकडे शोधणारे काहीसे दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते तिथेच चुकतात. १७३६ मध्ये दृढीकरण सक्तीचे झाले. ते झाल्याशिवाय लग्न करता येत नसे. साधारण पंधराव्या वर्षी प्रत्येक मुलामुलीला पाद्रीसमोर धर्मज्ञानाची परीक्षा द्यावी लागे, आणि ज्ञान व वर्तन यांवरचा शेरा वहीत उमटे. १८१० मध्ये देवीची लस सक्तीची झाल्यावर लस कधी टोचली तेही इथेच लिहिले जाऊ लागले. म्हणजे ज्या मुलाची बाप्तिस्म्याची नोंद जळाली किंवा परक्या पॅरिशमध्ये राहिली, त्याचे जन्मस्थान, आईबाप आणि वाडी या एका ओळीत पुन्हा हाती लागतात.

आता नावाविषयी, कारण सगळा घोळ तिथेच होतो. ओलेच्या वडिलांचे नाव लार्स असेल तर तो ओले लार्सन, त्याची बहीण मारी लार्सदातर, आणि ओलेचा मुलगा पुन्हा लार्स ओल्सन. लग्न झाले तरी बाई वडिलांचेच नाव लावी. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव देण्याची रीत असल्याने एका पॅरिशमध्ये एकाच काळी पाच-सहा ओले लार्सन निघणे नवलाचे नव्हते. त्यांतला आपला कोणता, हे सांगते ती वाडी: ओले लार्सन हाउगेन म्हणजे हाउगेन वाडीवर राहणारा ओले. मराठी वाचकाला इथे आपली ‘कर’ लावलेली आडनावे आठवतील, पण साम्य अर्धेच आहे. आपल्याकडे गाव सुटून चार पिढ्या झाल्या तरी ‘कर’ सुटत नाही. नॉर्वेत मात्र ओले दुसऱ्या वाडीवर राहायला गेला की हाउगेन गळून नव्या वाडीचे नाव लागे. ते आडनाव नव्हते, पत्ता होता. कायम आडनावाची सक्ती नॉर्वेत १९२३ मध्ये झाली, तोवर स्थलांतराचा भर ओसरत आला होता. अमेरिकेत उतरल्यावर एक भाऊ लार्सन राही, दुसरा हाउगेन होई. पहिल्या गलबताच्या आधी पुढे जाऊन तिकडची पाहणी करून आलेला क्लेंग पेडरसन हेस्टहामर तिकडच्या इतिहासात क्लेंग पीअरसन या नावाने ओळखला जातो. न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावरच्या स्थलांतर-कचेरीतल्या कारकुनांनी नावे बदलली ही कहाणी लोकप्रिय असली तरी तिला फारसा आधार नाही. ते कारकून जहाजाच्या यादीवरूनच नावे पडताळत. नावे लोकांनी स्वतःच, हळूहळू बदलली.

खानेसुमारीची परंपराही अशीच गरजेतून वाढली. १६६४ ते ६६ दरम्यानच्या आणि १७०१च्या गणनेत मुख्यतः पुरुषांचीच मोजणी झाली, कारण राज्याला सैनिक आणि करदाते हवे होते. स्त्री दिसते ती वाडीची धनीण असेल तरच. सगळ्या देशातील प्रत्येक व्यक्तीची नावनिशीवार गणना पहिल्यांदा १ फेब्रुवारी १८०१ रोजी झाली. तीत वाडीनिहाय कुटुंब, प्रत्येकाचे नाते, व्यवसाय, कितवे लग्न आणि वय आहे. मात्र वय पूर्ण झालेल्या वर्षांचे नसून चालू वर्षाचे आहे, आणि हे विसरून वजाबाकी केली की जन्मवर्ष एकाने चुकते. पुढे १८१५ पासून १८५५ पर्यंत दर दहा वर्षांनी झालेल्या गणना जवळजवळ सर्वत्र निव्वळ आकड्यांच्या आहेत. नावे पुन्हा येतात ती १८६५ मध्ये, जन्मस्थानाच्या पॅरिशसह. १८७५ मध्ये वयाऐवजी जन्मवर्ष येते, आणि १९१० मध्ये पूर्ण जन्मतारीख. १८०१ ते १८६५ या चौसष्ट वर्षांच्या पोकळीत सुरुवातीच्या स्थलांतरितांच्या दोन पिढ्या जन्मल्या आणि निघूनही गेल्या. त्यांच्यासाठी पाद्रीच्या वहीला पर्याय नाही.

प्रवासाच्या कागदांतही एक पोकळी आहे, आणि तिचे कारण थेट व्यापारात आहे. परक्या जहाजांना आपल्या व्यापारापासून दूर ठेवणारे नौकानयन कायदे ब्रिटनने १८४९ मध्ये रद्द केल्यावर नॉर्वेची जहाजे कॅनडाचे लाकूड ब्रिटनला वाहू लागली. जाताना रिकामे जाण्यापेक्षा माणसे नेणे फायद्याचे होते, म्हणून १८५० नंतरची दीडएक दशके बहुतेक नॉर्वेजियन क्वेबेकला उतरून विस्कॉन्सिन-मिनेसोटाकडे गेले. न्यूयॉर्कच्या याद्यांत ते सापडत नाहीत, आणि क्वेबेकच्या प्रवासी याद्या सलग उपलब्ध आहेत त्या १८६५ पासून. सुदैवाने त्याच सुमारास नॉर्वेतील पोलिसांनी निघणाऱ्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली: ट्रोंडहाइम आणि क्रिस्टियानिया, म्हणजे आजचे ओस्लो, येथे १८६७ पासून, बर्गन येथे १८७४ पासून.

अमेरिकी खानेसुमारी जन्मस्थान म्हणून फक्त ‘नॉर्वे’ लिहून मोकळी होते, आणि वाडीपर्यंत पोहोचायला तेवढे पुरत नाही. समुद्राच्या दोन्ही काठांना जोडणारा खरा दुवा म्हणजे नॉर्वेजियन लूथरपंथीयांनी तिकडे स्थापन केलेल्या मंडळ्यांच्या वह्या. तिथले पाद्री नॉर्वेतच शिकून आलेले, त्याच रकान्यांना सरावलेले. ते मूळ पॅरिश आणि पुष्कळदा वाडीही लिहीत. म्हणून जाणकार शोध नेहमी अमेरिकेच्या बाजूने सुरू करतात, मृत्यूकडून जन्माकडे जातात, आणि वाडीचे नाव हाती आल्याशिवाय नॉर्वेच्या वह्या उघडत नाहीत.

हे सगळे दफ्तर आज घरबसल्या पाहता येते ते नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘डिजिटालार्किव्हे’मुळे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या विनामूल्य सेवेत वह्यांच्या प्रतिमा आणि त्यांवरून तयार केलेल्या सूची दोन्ही आहेत, आणि सूचींचा मोठा भाग स्वयंसेवकांनी उतरवलेला आहे. गॉथिक अक्षर वाचताना त्यांचीही गल्लत होते, तेव्हा सूचीतले नाव सापडले तरी मूळ पान उघडून पाहावे. नावनिशीची खानेसुमारी शंभर वर्षे बंद राहते. १९२०ची डिसेंबर २०२० मध्ये खुली झाली, आणि १ डिसेंबर १९३० रोजी झालेल्या पुढच्या गणनेसाठी त्या नियमाने २०३०च्या डिसेंबरपर्यंत थांबावे लागेल.