बोले एनां बोर

उत्तरायणाच्या सुमारास खंडेराव मार्केटच्या बाहेर बोरांच्या टोपल्या लागतात. एक जण 'मीठां बोर, मीठां बोर' म्हणून घसा फोडत असतो. त्याच्यापासून चार पावलांवर एक म्हातारी गोणपाटावर बसून, मान खाली घालून किडकी बोरं वेचून बाजूला टाकत असते. गुजरातीत म्हण आहे, 'बोले एनां बोर वेचाय', जो बोलतो त्याची बोरं खपतात. बडोद्यातल्या मराठी घरांतही ती सर्रास चालते. आमच्या घरात ती बहुतेक वेळा माझ्या भाच्याला ऐकवली जाते.

भाचा मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात माल तपासणाऱ्या क्वालिटी विभागात आहे. कामाला वाघ, पण चारचौघांत तोंडाला कुलूप. मध्यंतरी त्यांच्याकडचा एक माल गिऱ्हाइकाकडून परत यायला लागला, भोकात पिन बसत नाही म्हणून. सगळे मशीनच्या सेटिंगच्या मागे लागले. यानं दोन दिवस गुपचूप मापं घेतली आणि शोधून काढलं की भोकात घालून माप तपासायचा ठरावीक जाडीचा दांडा, प्लग गेज, तोच झिजलाय. झिजलेला गेज बारीक झालेला असतो, त्यामुळे तो लहान भोकातही सुखानं जातो आणि खराब माल पास होतो. जेवणाच्या सुट्टीत त्यानं हे शेजारच्या सहकाऱ्याला सांगितलं. सोमवारच्या मीटिंगला सहकाऱ्यानं तोंड उघडलं, "साहेब, मला वाटतं गेज बघायला हवा." साहेब खूश. सहकारी खोटं काहीच बोलला नव्हता. कुणी शोधलं, एवढंच सांगायचं राहिलं.

"मावशी, माझं चुकलं कुठे?" असं विचारत भाचा माझ्याकडे आला. मी तीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं, म्हणून घरच्यांना वाटतं माझ्याकडे उत्तरं असतात. या वेळी एक होतं.

2009 साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठातले कॅमेरून अँडरसन आणि गॅव्हिन किल्डफ यांनी विद्यार्थ्यांचे छोटे गट करून त्यांना गणितं सोडवायला दिली आणि सगळं व्हिडिओवर टिपलं. दणक्यात बोलणारी मुलं गटाला जास्त हुशार वाटली. नंतर व्हिडिओ पाहणाऱ्या तिऱ्हाइतांनाही तसंच वाटलं. प्रत्यक्षात त्यांचं गणित इतरांपेक्षा सरस नव्हतं. ती फक्त आधी बोलत होती. आणि 94 टक्के गणितांत गटानं शेवटी जे उत्तर पक्कं केलं, ते कुणीतरी सर्वांत आधी सुचवलेलंच होतं! मला या आकड्याचा राग येतो, आणि तो बरेच दिवस मनातून जात नाही. म्हणजे आवाजाचा जोर राहू द्या, रांगेत तुमचा नंबर कितवा यावरच निम्मा डाव ठरतो.

मग अबोल माणूस आधी का बोलत नाही? लोक म्हणतात भीती. मुखदुर्बळ आणि मितभाषी यांत फरक आहे: पहिल्याला बोलायचं असतं पण धीर होत नाही, दुसऱ्याला बोलायची तेवढी गरजच वाटत नाही. भाचा थोडा हा, थोडा तो. अंतर्मुख आणि बहिर्मुख या कल्पना कार्ल युंगनं 1921 मध्ये रुजवल्या. पुढे हान्स आयसेंकनं त्यामागे मेंदूच्या उत्तेजनाचं कारण सांगितलं: अंतर्मुख मेंदू आधीच जास्त जागा असतो, म्हणून गोंगाट त्याला लवकर पुरे होतो. 1960 च्या दशकात जिभेवर लिंबाच्या रसाचे थेंब टाकून लाळ मोजण्याचे प्रयोग झाले, तेव्हा अंतर्मुखांना जास्त लाळ सुटली. आयसेंकचं चित्र आज फारच सोपं वाटतं, पण लिंबाचा हा प्रयोग वर्गात सांगितला की शेवटच्या बाकावरची मुलंही जागी व्हायची.

मला जास्त पटणारं कारण मीटिंगच्या रचनेत आहे. एका खोलीत एका वेळी एकच जण बोलू शकतो. बाकीच्यांना आपलं वाक्य तोंडात धरून बसावं लागतं. मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोब यांनी 1987 मध्ये याची छान परीक्षा घेतली. माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून कल्पना सुचवायला सांगितलं आणि समोर दिवे लावले. दुसरा कुणी बोलत असला की तुम्ही थांबायचं, अगदी सिग्नलवर थांबतो तसं. समोर माणूस नाही, कुणी नावं ठेवणार नाही, तरीही नुसत्या थांबण्यानं सुचणाऱ्या कल्पनांची संख्या जोरात घसरली. त्याआधी 1973 मध्ये माल्कम ब्रेनरनं गोल बसलेल्या लोकांना आळीपाळीनं शब्द वाचायला लावले होते. आपली पाळी येण्याच्या अगदी आधी जे वाचलं गेलं, तेच लोकांना सर्वांत कमी आठवलं. वाट पाहणारा कान बंद असतो. भाच्याला मी विचारलं, सहकारी नेमकं काय बोलला? त्याला पहिलं वाक्य सोडून काही आठवेना. तो स्वतःचं वाक्य जुळवत बसला होता.

म्हणून मी त्याला 'जरा मोकळा हो' हा घरोघरचा सल्ला दिला नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी 2019 मध्ये लोकांना आठवडाभर बहिर्मुखासारखं वागायला सांगून पाहिलं. सरासरी माणूस जरा खुशीत आला, पण जे मुळात जास्त अंतर्मुख होते त्यांच्या वाट्याला ती खुशी कमी आली, आणि थकवा व आपण सोंग करतोय ही भावना आली.

सांगितलं ते असं. तू शनिवारी संध्याकाळी साहेबांना अर्ध्या पानाचा मेल टाक. किती नग मोजले, त्यांत किती भोकं लहान निघाली, गेजचं माप काय आलं, आणि शेवटी 'मी मोजले' हे दोन शब्द. मेलला रांग नसते. वर या दोन शब्दांची लाज वाटून घेऊ नकोस. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी 1979 मध्ये नवरा-बायकोंना घरातल्या कामांतला आपापला वाटा विचारला होता, तेव्हा दोघांच्या वाट्यांची बेरीज शंभराच्या वर गेली. गंमत म्हणजे भांडण सुरू करण्यातला वाटाही दोघं जास्तच सांगत होते. स्वतः केलेलं स्वतःला जास्त आठवतं. साहेबांना त्यांचं आठवणार, सहकाऱ्याला त्याचं. यात कुणाची लबाडी असेलच असं नाही, पण तुझं कागदावर नसेल तर ते कुठेच नाही.

लेखणीनं दिसण्याची या गावाला सवय आहे म्हणा. दांडिया बाजारात श्रीअरविंद निवास आहे. अरविंद घोष 1893 ते 1906 बडोदा संस्थानाच्या नोकरीत होते. कॉलेजात शिकवायचे, आणि सयाजीराव महाराजांच्या भाषणांचे मसुदेही लिहायचे.

दुसरी गोष्ट भाच्याला पटायला वेळ लागला: जेवताना मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसू नकोस, रोज त्याच टेबलावर बस. बोलू नकोस हवं तर. रिचर्ड मोरलँड आणि स्कॉट बीच यांनी 1992 मध्ये सारख्याच दिसणाऱ्या चार तरुणी एका वर्गासाठी निवडल्या होत्या. एक कधीच गेली नाही, बाकीच्या 5, 10 आणि 15 वेळा गेल्या. कुणाशी बोलल्या नाहीत, नुसत्या येऊन बसल्या. सत्र संपताना विद्यार्थ्यांना फोटो दाखवले, तर जी जास्त वेळा आली होती ती जास्त आवडली. पुन्हा पुन्हा नजरेस पडलेलं आपलंसं वाटतं, हे रॉबर्ट झायोन्स 1968 पासून सांगत होता.

"पण सोमवारी बोलायची वेळ आली तर? आवाज कापतो, सगळ्यांना कळतं."

कळत नाही. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी 2003 मध्ये भाषणाला उभं राहणाऱ्या काही विद्यार्थ्यांना आधीच सांगितलं, की तुमची धडधड तुम्हाला जेवढी जाणवते तेवढी बाहेर दिसत नाही. एवढं ऐकून गेलेल्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली. त्यांना स्वतःला तसं वाटलं आणि ऐकणाऱ्यांनाही.

पुढच्या सोमवारी साहेबांनी मेल वाचलेला होता. मीटिंग सुरू होताच ते भाच्याकडे वळले, "बोल भाई, केटला?" किती निघाले? तो म्हणाला, "पन्नासमध्ये चौदा." मग गेजचं माप सांगितलं आणि गप्प बसला. घरी येऊन म्हणाला, हात टेबलाखाली धरले होते. त्या सहकाऱ्याला मी एका लग्नात गाठून हळूच विचारलं, त्या दिवशी हा घाबरला होता का हो? त्यानं जरा आठवून पाहिलं. "घाबरला? नाही हो. त्याला तर आकडा तोंडपाठ होता."

म्हातारीकडून मी पाच-सहा वर्षं बोरं घेते आहे. ती वजन करते, मी पैसे देते, बोलणं नाही. परवा पिशवी पुढे केली तर तिनं तराजू उचललाच नाही. "आजे ना लेशो, बेन," म्हणाली. "खाटां छे."