इतका बावळट जीवशास्त्रज्ञ असतो का?

रिडली स्कॉटचा 'प्रोमिथियस' २०१२ साली आला तेव्हापासून आमच्या घरात एक भांडण चालू आहे. परवा रात्री तो सिनेमा पुन्हा लावला आणि भांडण पुन्हा पेटलं. साल २०९३, परका चंद्र, गुहेसारखी अंधारी वास्तू. तिथे रात्र काढायची पाळी आलेला मिलबर्न नावाचा जीवशास्त्रज्ञ. काळ्या द्रवातून सापासारखं काहीतरी पांढरट डोकं वर काढतं, नागासारखा फणा पसरतं, आणि हे गृहस्थ लाडीगोडी लावत हात पुढे करतात. पुढे काय होतं ते सांगायला नको. माझी भाची प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने हातातली उशी टीव्हीवर फेकली. "मामा, आमच्याकडे एफवायचं पोरगंसुद्धा असं करणार नाही!"

मी मिलबर्नची बाजू घेतो. पूर्ण नाही, अर्धी.

कारण कार्ल श्मिट. शिकागोच्या फील्ड म्युझियममधले हे सरीसृपतज्ज्ञ जगातल्या मोठ्या नावांपैकी एक होते. सप्टेंबर १९५७मध्ये लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयातून ओळख पटवण्यासाठी एक साप त्यांच्याकडे आला. जेमतेम अडीच फुटांचं पिल्लू. आफ्रिकेतला बूमस्लँग असावा अशी चर्चा टेबलाभोवती चालली होती. डोक्याचा आकार जुळत होता, रंग जुळत होता. अडत होतं ते एका खवल्यापाशी. बूमस्लँगच्या गुदद्वारावरचा खवला दुभागलेला असतो, याचा अखंड होता. हा विचार डोक्यात घोळत असतानाच श्मिटनी साप हातात घेतला आणि तो अंगठ्याला चावला. एकच दात लागला, तोही फार तर तीन मिलिमीटर. कसलीही खबरदारी न घेता आपण तो उचलला, असं त्यांनी स्वतःच टिपणात लिहून ठेवलंय.

ते टिपण वाचताना अंगावर काटा येतो. संध्याकाळच्या लोकलने घरी जाताना मळमळ. मग थंडी, ताप, हिरड्यांतून रक्त. रात्री झोप बरी लागली. सकाळी अंडं, टोस्ट, कॉफी अशी न्याहारी केली. बरं वाटतंय, उद्या येतो, असा म्युझियमला फोनही केला. दुपारी तीनच्या सुमारास ते गेले. वय ६७. शवविच्छेदनात फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू, सगळीकडे रक्तस्राव सापडला.

सकाळी न्याहारी आणि दुपारी मृत्यू, हे कसं होतं? इथे मला थोडं थांबायचंय. निवृत्तीपर्यंत मी प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या तिरक्या करण्यातच आयुष्य घालवलं, त्यामुळे हा विषय निघाला की मला आवरत नाही.

शाळेत आपण शिकतो की प्लेटलेट्स जमतात आणि रक्त गोठतं. खरी गंमत त्याच्या पुढे आहे. रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन विरघळलेलं असतं, लिटरमागे दोन ते चार ग्रॅम. त्याला दूध समजा. त्याचं विरजण म्हणजे थ्रॉम्बिन. पण हे विरजण रक्तात मोकळं फिरत नाही. ते प्रोथ्रॉम्बिन या निरुपद्रवी रूपात कुलूपबंद असतं. जखम झाली की एक घटक दुसऱ्याला जागा करतो, दुसरा तिसऱ्याला, अशी साखळी चालते. मग दहावा घटक जागा होतो (हे आकडे म्हणजे घटकांची नावं, साखळीतला क्रम नव्हे), तो पाचव्याला जोडीला घेतो आणि ते कुलूप उघडतो. जखमेपाशीच, हवं तेवढंच. तिथे फायब्रिनचं जाळं विणलं जातं आणि भोक बुजतं.

बूमस्लँगचं विष ही साखळी ओलांडून थेट कुलूपच फोडतं, आणि तेही सगळ्या अंगभर. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रोथ्रॉम्बिनचं थ्रॉम्बिन होत राहतं. वाटेल की मग माणसाच्या रक्ताचा दगड होत असेल. तसं होत नाही. दही लागत नाही, दूध नासतं. बारीक बारीक कण होतात, शरीर ते विरघळवत राहतं आणि काही तासांत फायब्रिनोजेन संपून जातं. आता विरजण कितीही असो, पातेल्यात दूधच नाही. तरी माणूस चालतो, बोलतो, अंडं खातो, कारण अजून कुठे मोठी गळती लागलेली नसते. हिरडी, मूत्रपिंड, मेंदूतली एखादी केशवाहिनी, जिथे झिरपायला लागेल तिथे थांबवायला काहीच उरलेलं नसतं.

हे आफ्रिकेपुरतं नाही. कोकणात जांभ्याच्या दगडाखाली बसणारं वीतभर फुरसं हेच करतं, तेही प्रोथ्रॉम्बिनवरच. त्यातल्या इकॅरिन या विकराचं नावच फुरशाच्या शास्त्रीय नावावरून पडलंय. घोणस एक पायरी आधी घुसते. ती दहावा आणि पाचवा घटक जागे करते. लंडनच्या मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी १९३४ साली हेच घोणशीचं विष अगदी विरळ करून हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या जन्मजात आजाराच्या, रुग्णांच्या जखमांवर रक्त थांबवायला वापरता येईल असं दाखवलं. पुढे १९६४मध्ये याच मॅकफार्लेननी रक्त गोठण्याच्या साखळीची कल्पना मांडली.

म्हणून सर्पदंशाच्या रुग्णाची सगळ्यात मोलाची तपासणी अगदी साधी आहे. नव्या, कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलंय. काचच का? काचेच्या पृष्ठभागामुळे बारावा घटक जागा होतो आणि साखळी सुरू होते. प्लास्टिकवर तसं होत नाही. साबणाने धुतलेल्या काचेवरही होत नाही. हे शेवटचं मी अनुभवाने शिकलो. कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात नव्या नळ्या संपल्या, म्हणून मी साबणाने लख्ख धुतलेली नळी वापरली. प्रयोगशाळेत स्वच्छ म्हणजे धुतलेलं, हे हाडीमाशी मुरलेलं. रक्त गोठेना. रुग्ण मात्र खडखडीत दिसत होता. शंका आली म्हणून त्याच ताटातल्या दुसऱ्या नळीत स्वतःचं रक्त घातलं. वीस मिनिटांनी तेही पाण्यासारखं!

आता मांत्रिकांबद्दल. बरेचसे साप बिनविषारी असतात, आणि विषारीसुद्धा कित्येकदा कोरडा दंश करतात, म्हणजे दात लागतात पण विष उतरत नाही. ही सगळी माणसं मंत्राविनाही बरी होणारच असतात, आणि श्रेय मात्र कडुनिंबाच्या डहाळीला जातं. त्यातून फुरशाच्या दंशात पहिले काही तास माणूस ठणठणीत दिसला की 'उतरलं' म्हणून घरी पाठवायला मांत्रिक मोकळा. श्मिटही न्याहारीच्या वेळी ठणठणीतच होते.

भाची म्हणाली, एक उदाहरण म्हणजे अपवाद. मग दुसरं ऐक. जो स्लोविन्स्की, कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसचा सर्पतज्ज्ञ, सप्टेंबर २००१, उत्तर म्यानमारचं जंगल. सहकाऱ्याने पिशवीतला पट्टेरी साप बिनविषारी असल्याचं सांगितलं. स्लोविन्स्कीने पिशवीत हात घातला. तो निघाला मण्यार. मण्यारीचं विष रक्ताला नाही, मज्जातंतूंच्या टोकांना भिडतं आणि श्वास बंद पडतो. सहकाऱ्यांनी पाळीपाळीने तोंडाने श्वास देत त्याला एक दिवसाहून जास्त जगवलं. आपल्याकडे हीच फसगत कवड्या आणि मण्यार यांच्यात होते. कवड्याचे पट्टे मानेपाशी ठळक आणि शेपटीकडे फिकट होत जातात. मण्यारीचे उलट, आणि तिच्या पाठीच्या कण्यावर षटकोनी मोठ्या खवल्यांची रांग असते. रात्री बॅटरीच्या उजेडात हे बघायला सवड कुणाला असते? फोटोवरून साप ओळखणारी ॲप निघाली आहेत म्हणे. श्मिटना अडवणारा तो खवला पोटाच्या बाजूला होता, तेव्हा ॲपलाही आधी साप उलटा करून दाखवावा लागेल.

तर तज्ज्ञ हात घालतो, हे अशक्य नाही. दर पावसाळ्यात एखाद्या सर्पमित्राची बातमी येतेच. पण तिघांच्या चुका नीट बघा. श्मिट, स्लोविन्स्की आणि साबणाच्या नळीवाला मी. तिघांनाही काहीतरी ठाऊक होतं, आणि त्या ठाऊक असण्यानेच घात केला. अनाडी माणूस सापापासून चार हात लांब राहतो. मिलबर्नला काय ठाऊक होतं? हा प्राणी कुठल्याच यादीत नाही. वर हाच माणूस थोड्या वेळापूर्वी परग्रहवासीयाचं नुसतं मढं बघून काढता पाय घेतो. मेलेल्याला भिणारा जिवंताला कुरवाळेल, हे मात्र मला पटत नाही. ब्लू-रेवरच्या वगळलेल्या दृश्यांत त्याला आधी एक बारीकसा किडा सापडतो आणि तो हरखून जातो. श्मिटना खवला होता, तसा मिलबर्नलाही हा किडा होता. संकलकाने तोच कापला.

भाचीला ते दृश्य दाखवलं. ती म्हणाली, "ठीक आहे, हात घातला. पण हवा चालते म्हणून हेल्मेट काढून ठेवलं, त्याचं काय?"

हेल्मेटवर तर माझ्याकडे आणखी पक्का दाखला होता. १९६९मध्ये अपोलो ११च्या अंतराळवीरांसाठी नासाने २१ दिवसांचं विलगीकरण योजलं होतं, न जाणो चंद्रावरून एखादा जंतू आला तर! खास बंद गाडी, खास इमारत, सगळी जय्यत तयारी. पण यान समुद्रात उतरल्यावर अंगभर झाकणारे पोशाख आत द्यायचे, तर दार उघडायलाच हवं. ते उघडलं, पोशाख आत टाकले, दार लावलं. आतली हवा तेवढ्यात पॅसिफिकवर मोकळी झाली होती.