उजवं बटण, डी ड्राइव्ह आणि उलटा स्लॅश

कॉम्प्युटर सुरू झाला की डेस्कटॉपवर राइट क्लिक करून दोन-चारदा ‘रिफ्रेश’ मारायचं, हे आपल्याकडे जवळपास आचमनासारखं झालं आहे. त्याने मशीनचा वेग वाढत नाही, आयकॉन तेवढे पुन्हा उमटतात. पण मॅकवर गेलेला माणूस पहिल्याच दिवशी इथे अडतो, कारण फाइंडरच्या, म्हणजे मॅकवर फाइली दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मेनूत रिफ्रेश नाहीच. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबला. तेव्हापासून जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकावी का, मॅक घ्यावा का, असा विचार करणाऱ्यांना या अडचणी भेटत आहेत. त्यांची मुळं मात्र बरीच जुनी आहेत.

अमेरिकन संशोधक डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास लाकडी खोक्याचा पहिला माउस बनवला. १९६८ च्या जाहीर प्रात्यक्षिकापर्यंत त्याला तीन बटणं आली होती आणि झेरॉक्सच्या आल्टो संगणकानेही तीनच ठेवली. कुठलं बटण कशासाठी, यात नवखी माणसं गोंधळत. झेरॉक्सहून ॲपलमध्ये आलेले लॅरी टेस्लर एकाच बटणाचे पुरस्कर्ते होते. ॲपलच्या १९८३ च्या लिसा संगणकाला आणि १९८४ च्या मॅकिंटॉशला एकच बटण मिळालं. बटण कमी झालं, काम कमी झालं नाही. निवडणं आणि उघडणं एकाच बटणावर आलं, म्हणून डबल क्लिक. नवशिक्या आजी-आजोबांना आजही न जमणारी ती टकटक या साधेपणाची किंमत आहे, असं मला वाटतं.

मायक्रोसॉफ्टच्या माउसला १९८३ पासून दोन बटणं होती, पण उजव्या बटणाला खरं काम मिळालं ते विंडोज ९५ मध्ये. ॲपलने १९९७ मध्ये त्याच कामासाठी कंट्रोल दाबून क्लिक करण्याची सोय दिली. एकाहून अधिक बटणांचं काम करणारा स्वतःचा माउस काढायला मात्र २००५ उजाडलं. २०११ मध्ये त्यांनी स्क्रोलची दिशाच फोनसारखी उलटी केली. सुदैवाने ती सेटिंगमधून बदलता येते.

लिनक्सचा वारसा युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा. तिथे १९८४ साली एमआयटीत सुरू झालेल्या एक्स विंडो सिस्टिमपासून (पडद्यावर खिडक्या दाखवणारी यंत्रणा) तीन बटणांची सवय रुजली. मजकूर नुसता निवडायचा आणि मधलं बटण दाबलं की तो उमटतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, कंट्रोल-सी दाबलं तर मात्र कॉपी होत नाही, चालू प्रोग्रॅम थांबतो. मॅकवर कॉपीसाठी कमांड ही वेगळीच की असल्यामुळे तिथे ही टक्कर होत नाही.

फाइलींकडे वळलं की पहिला प्रश्न येतो, ‘माझा डी ड्राइव्ह कुठे गेला?’ विंडोजच्या आधीच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपींना गेली, म्हणून हार्ड डिस्क सी झाली. युनिक्समध्ये, आणि म्हणून मॅक-लिनक्समध्येही, सगळं एकाच झाडाच्या फांद्यांवर लागतं. १९८१ च्या डॉसमध्ये तर फोल्डरच नव्हते. १९८३ मध्ये ते आले तेव्हा साधा स्लॅश आधीच आज्ञांच्या पर्यायांसाठी वापरात होता, म्हणून पत्त्यात उलटा स्लॅश घुसला.

फाइंडरमध्ये फाइल ‘कट’ होत नाही. आधी कॉपी करायची आणि मुक्कामी पोचल्यावर ऑप्शन-कमांड-व्ही दाबून हलवायची. एंटर दाबलं तर फाइल उघडत नाही, तिचं नाव बदलण्यासाठी खुलं होतं. हे चार दिवसांत हातात बसतं. एका नावाचे दोन फोल्डर एकत्र आणताना मात्र जपायला हवं. विंडोज त्यांतल्या फाइली एकमेकींत मिसळतं. मॅकवर ‘रिप्लेस’ म्हटलं, तर जुना फोल्डर आतल्या सगळ्या फोटोंसकट जातो आणि त्याच्या जागी फक्त नवा उरतो.